देहासकट

आमच्या लिंगायत घरात मूल जन्मलं की जंगम येतो, विभूती लावतो आणि बाळाला इष्टलिंग देतो. मुलगा असो की मुलगी, विधी एकच, मंत्र एकच. त्या दिवसापासून देव अंगावर असतो. पुढे ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, बेल वाहायचा आणि नजर स्थिर करून बघत बसायचं. मधे पुजारी नाही, गाभारा नाही, सोवळं नाही. आणि तीच मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की एके सकाळी तिला घरातूनच सांगितलं जातं, "बाजूला बस. देव्हाऱ्याकडे जाऊ नको." गळ्यातलं लिंग मात्र कुणी काढून घेत नाही. देव छातीवर असतो आणि मुलगी देवापासून लांब बसलेली असते.

माझं माहेर बसवकल्याण, सासर लोहारा. मधे उमरगा आणि राज्याची हद्द, एवढंच काय ते अंतर. माहेरी अज्जी पहाटे अंगण झाडताना अक्कमहादेवींची वचनं कानडीत म्हणायची. सासरी सासूबाई लिंगायत संत मन्मथस्वामींच्या परमरहस्य या ग्रंथातल्या ओव्या आणि जनाबाईचे अभंग एकाच बैठकीत म्हणायच्या. सीमेवरच्या बाईला दोन्हीकडचे संत घरचेच असतात. लोहाऱ्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, संसार केला, आणि आता गावातल्या बायकांबरोबर पारायणाला बसते. या सगळ्यात एका प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. धर्माच्या लेखी बाईचा देह काय आहे? परमार्थाच्या आड येणारी अडचण, की परमार्थाचंच साधन? या प्रश्नावर पंडितांनी पुष्कळ लिहिलं आहे. पण मला पटेल असं उत्तर मिळालं ते ज्या बायका बोलल्या, ज्यांनी रचना केल्या, ज्या चारचौघांत उभ्या राहिल्या, त्यांच्या आयुष्यांत.

बाराव्या शतकात कल्याण, म्हणजे आजचं बसवकल्याण, ही कलचुरी राजा बिज्जळाची राजधानी होती आणि बसवण्णा त्याचे मंत्री होते. तिथल्या अनुभव मंटपात, म्हणजे धर्मचर्चेच्या सभेत, जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, पाच सूतकं नाकारली. जन्माचं, मरणाचं, उष्ट्याचं, जातीचं आणि रजाचं. त्यामागचा तर्क सरळ होता. ज्या अंगावर लिंग आहे ते अंग अपवित्र होऊच शकत नाही. अपवित्र होत असेल तर मग लिंगाचं सामर्थ्य ते काय? आठशे वर्षांपूर्वी हे भर सभेत मांडलं गेलं, आणि त्या सभेत बायका नुसत्या ऐकायला बसलेल्या नव्हत्या. तीसहून अधिक शरणींची वचनं आज उपलब्ध आहेत. परंपरा जिला काश्मीरची राणी मानते ती मोळिगे महादेवी त्यांत आहे, अंगणात सांडलेला तांदूळ वेचणाऱ्या मारय्यांची बायको आयदक्की लक्कम्मा आहे, आणि संकव्वा नावाची गणिकाही आहे. बसवण्णांची बहीण अक्क नागम्मा हिच्या नावाची गुहा बसवकल्याणला आहे. लहानपणी आम्ही तिथे खेळायला जायचो. पुढे कल्याणमध्ये शरणांवर हल्ले होऊन रक्तपात झाला तेव्हा मुलगा चन्नबसवण्णा आणि इतर शरण यांच्यासोबत तीही वचनांच्या पोथ्या वाचवत उळवीकडे निघाली, असं परंपरा सांगते. म्हणजे आज आमच्या हातात जो धर्म आहे, तो आमच्यापर्यंत पोचवण्यात एका बाईचा हात आहे.

बाईच्या देहाचा प्रश्न निघाला की आमच्याकडचा कुणीही प्रवचनकार एक उत्तर लगेच देतो. आत्मा स्त्री नाही आणि पुरुषही नाही. हे उत्तर खोटं नाही. बसवण्णांच्या आधीचे विणकर वचनकार जेडर दासिमय्या यांनी तेच मांडलं आहे. बाहेरच्या खुणांवरून आपण बाई आणि पुरुष ओळखतो, पण आत जो वावरतो त्याला या खुणा लागू होत नाहीत, असा त्यांच्या वचनाचा आशय. एका कष्टकऱ्याच्या तोंडून इतका मोठा विचार आला, याचा मला अभिमान आहे. पण या उत्तरावर समाधान मानून घरी जावं, असं मला कधी वाटलं नाही. कारण आत्मा स्त्री नाही हे वाक्य बाईलाच ऐकवलं जातं. पुरुषाला कुणी म्हणत नाही की बाबा रे, तुझं पुरुषपण विसर, मग आत ये. तो जसा आहे तसा आत येतो. देह दारात काढून ठेवायचा तो बाईनेच. शिवाय आत्म्याला समता देऊन टाकणं फार स्वस्त पडतं. आत्मा स्वयंपाकघरात जात नाही, पोथी हातात घेत नाही, व्यासपीठावर बसत नाही. तिथे देहच लागतो.

हा पेच खुद्द अनुभव मंटपात, सगळ्यांसमोर उभा राहिला होता. अक्कमहादेवी मूळची शिवमोग्ग्याकडच्या उडुतडीची. चन्नमल्लिकार्जुनाला तिने पती मानलं, कौशिक राजाचा संसार नाकारला, वस्त्रं टाकली आणि केसांनी अंग झाकून ती कल्याणला आली. मंटपाचे अध्यक्ष अल्लमप्रभू. त्यांनी तिला मुकाट्याने आत घेतलं नाही. देहाचा मोह सुटला म्हणतेस, वस्त्रं टाकलीस, मग हे केस कशाला ओढून घेतलेस, असा त्यांचा प्रश्न. शून्यसंपादनेत हा संवाद सविस्तर येतो. अक्कांच्या उत्तराचा मथितार्थ असा की हे आवरण माझ्यासाठी नाही, बघणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून आहे. या उत्तरापाशी मी पुन्हापुन्हा थांबते. आपल्या देहाचा तिला संकोच नाही. संकोच बघणाऱ्याच्या मनात आहे आणि तो त्याचा त्याने सोडवायचा आहे. मंटपातल्या शरणांना हे उमगलं. वयाने लहान असलेल्या त्या मुलीला त्यांनी अक्का म्हटलं, थोरली बहीण म्हटलं. तिची तीनशेहून अधिक वचनं आज आहेत. त्यांत भूक आहे, विरह आहे, अंगावरचं ऊन आहे, लग्नाचं स्वप्न आहे. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या आवाजात त्या स्वप्नाचं वचन ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना कळेल की तिथे कोणी देह विसरून गात नाही. देह घेऊनच ती देवाकडे गेली.

आता मराठीकडे येते. चोखोबांच्या बायकोने, सोयराबाईने, विटाळाचा प्रश्न जितका थेट विचारला तितका एखाद्या शास्त्र्यानेही विचारला नसेल. तिच्या वाट्याला विटाळ दुहेरी होता. महार म्हणून देवळाच्या पायरीशी थांबायचं आणि बाई म्हणून स्वतःच्या खोपटातही बाजूला बसायचं. तिचा युक्तिवाद असा आहे की देहाचा विटाळ म्हणता, तर ज्या विटाळातून देह घडतो तो सोडून जन्मलेला कुणी एक तरी दाखवा. प्रत्येक देह तिथूनच आला आहे, सोवळ्यातला आणि ओवळ्यातलाही. मग वेगळं कुणाला काढणार? या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून तो टाळला गेला. तिच्याही आधी चक्रधरस्वामींनी आपल्या परिवारातल्या बायकांना सांगितलं होतं की शरीराच्या इतर दारांतून जसं काही ना काही वाहतं, तसंच हे. त्यात विटाळ कसला धरायचा? त्यांच्या महानुभाव पंथात महदाइसेसारखी कवयित्री घडली, तिचे धवळे आजही मराठीच्या आरंभीच्या वाङ्मयात मानाने वाचले जातात, यामागे हे मोकळं वातावरण होतं, असं मला वाटतं. बाईला वाङ्मय सुचायला आधी पोथीजवळ बसता आलं पाहिजे.

बहिणाबाईचं दुःख याहून वेगळं. ती 1628 साली वेरूळजवळच्या देवगावात जन्मली, ब्राह्मण घरातली. लहानपणीच वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी तिचं लग्न झालं. तुकोबांना गुरू केलं म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला. कारण गुरू शूद्र आणि शिष्या ब्राह्मण, तीही बाई. वेदांचा अधिकार बाईच्या देहाला नाही, हे तिला घरातच ऐकवलं गेलं आणि ते तिला लागलं. तिच्या आत्मपर अभंगांत ही सल लपवलेली नाही. पण ती नुसती रडत बसली नाही. ब्राह्मण्य जन्माने येतं की ज्ञानाने, याची चिरफाड करणारी वज्रसूची तिने मराठीत आणली. संसार सोडला नाही, मुलंबाळं वाढवली आणि स्वतःची कहाणी स्वतःच्या शब्दांत सांगून 1700 साली देह ठेवला. एक बाई आपल्या आयुष्याकडे विषय म्हणून पाहते, हे त्या काळात केवढं धाडस असेल.

जनाबाईने तर निराळीच वाट दाखवली. गंगाखेडची ही पोर नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढली. दळणं, कांडणं, शेण वेचणं, पाणी भरणं. तिने यातलं काही सोडून भक्ती केली नाही. देवालाच जात्यापाशी बसवलं, त्याला आई म्हणून हाक मारली, आणि बाईचा जन्म मिळाला म्हणून खंत करू नये, असं स्वच्छ सांगितलं. आयदक्की लक्कम्मा हीच गोष्ट कल्याणच्या अंगणात जगली. एके दिवशी मारय्यांनी रोजच्या गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणला. लक्कम्माने तो घरात घेतला नाही. ही हाव आपल्याला कुठून सुटली, जेवढा लागतो तेवढाच ठेवा आणि उरलेला जिथला तिथे टाकून या, असं तिने नवऱ्याला सुनावलं. मूठभर तांदळावरून तिने संपत्तीचं सगळं तत्त्वज्ञान सांगितलं. उद्याच्या जेवणाची तजवीज केली की आजच्या श्रद्धेत खोट आली. हे तिला कळलं, कारण चुलीवर भांडं तीच चढवत होती. तिच्या हाताला माप ठाऊक होतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासूबाईंच्या पिढीच्या बायका पहाटे दळायला बसायच्या तेव्हाची आठवण मला आहे. एक खुंटा दोघींच्या हातात, उजव्या हाताने फेरा, डाव्या हाताने मूठभर ज्वारी तोंडात सोडायची, आणि फेऱ्याच्या वजनावर ओवी पडायची. दम लागतो तिथे ओवी तुटायची, हात हलका झाला की पुढे जायची. त्या ओवीत सीता असायची, पंढरी असायची, तुळजापूरची भवानी असायची आणि माहेरचा भाऊ असायचा. देह थकत होता म्हणून ती ओवी तशी होती. जातं ओढणारा दंड बाजूला काढला तर मागे काही उरणार नाही. डॉ. तारा भवाळकरांनी लोकसाहित्यातल्या आणि संतपरंपरेतल्या बायकांचा हा आवाज आयुष्यभर ऐकला, मांडला, आणि 2025 च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर त्या बसल्या, तेव्हा मला आमच्या सगळ्या दळणाऱ्या बायका तिथे बसल्यासारखं वाटलं.

म्हणजे परंपरेने दिलेली उत्तरं तीन आहेत. आत्म्याला बाई-पुरुष हा भेद नाही. देह विटाळलेला नाही. आणि देहाने केलेलं रोजचं काम हीच पूजा आहे. पहिलं उत्तर आपण उचललं, कारण त्याने काही बदलावं लागत नाही. दुसरं आणि तिसरं बाजूला ठेवलं. बाजूला ठेवण्याची आपली रीतही ठरलेली आहे. ती म्हणजे बाईला देवी करून टाकणं.

मुक्ताईचंच बघा. तेर आमच्याच धाराशिव जिल्ह्यातलं. गोरोबा काकांच्या घरी संत जमले होते. मुक्ताईने तिथलं थापटणं बघितलं आणि हे काय असतं म्हणून विचारलं. मडकं पक्कं की कच्चं ते याने कळतं, असं गोरोबांनी सांगितल्यावर ती म्हणाली की आम्हीही मडकीच, आमचीही परीक्षा होऊ द्या. थापटणं एकेकाच्या डोक्यावर पडलं आणि नामदेव कच्चे ठरले. त्यानंतर ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू मिळाला. एवढ्या मोठ्या बदलाची सुरुवात एका कोवळ्या मुलीच्या प्रश्नाने झाली. मोठा तपस्वी म्हणवणारा चांगदेवही शेवटी तिचाच शिष्य झाला. आता ही कथा सांगताना आपण काय करतो? मुक्ताई म्हणजे साक्षात आदिमाया, असं म्हणून मोकळे होतो. आदिमाया असेल तर तिने थोरामोठ्यांची परीक्षा घेतली यात नवल काय? आणि मग आपल्या घरातल्या मुलीने प्रश्न विचारला तर तिला गप्प करायला आपण मोकळे. ती काही आदिमाया नव्हे. अक्कांना पार्वतीचा अंश म्हणणं, तुळजाभवानीच्या जिल्ह्यात राहून लेकीला देव्हाऱ्यापासून लांब बसवणं, हे सारं एकाच जातीचं. मुक्ताई तुमच्या-आमच्यासारखी हाडामांसाची मुलगी होती असं मानलं, तरच तिचं ऐकण्याची जबाबदारी आपल्यावर येते. मी तसंच मानते. माझ्या भक्तीला त्याने उणेपणा आला नाही, उलट धाक आला.

विटाळ ही देवाने घातलेली मर्यादा आहे, असं म्हणणाऱ्यांना मी 1993 ची आठवण देते. 30 सप्टेंबरची पहाट. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. किल्लारीला धरणी हलली आणि आमच्या बाजूचं सास्तूर मातीला मिळालं. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि आमचा, अशा दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पाऊस पडत होता, प्रेतं एकेका चितेवर किती ठेवली याला हिशेब नव्हता. त्या दिवसांत कुणी सूतक पाळलं नाही. मदतीच्या रांगेत कुणी कुणाची जात विचारली नाही, आणि माणसं उपसणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या, जखमींना पाणी पाजणाऱ्या बायकांना कुणी बाजूला बसायला सांगितलं नाही. शरणांनी नाकारलेली पाचही सूतकं त्या आठवड्यात आमच्या भागात नव्हती. देव कोपला नाही. पुढे घरं उभी राहिली आणि सूतकंही परत आली. जी मर्यादा संकटात आपोआप गळून पडते ती धर्माचा गाभा असू शकत नाही, हे मी तेव्हा शिकले.

त्याच काळात बायकांचं आणखी एक रूप या मुलखाने पाहिलं. शासनाच्या घरदुरुस्ती आणि बळकटीकरणाच्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावोगावच्या महिला मंडळांनी संवाद सहायक म्हणून काम केलं. ज्या बायका पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या, त्या इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. भिंतीची दोन्ही तोंडं धरून ठेवणारा लांब दगड बसवला का, कोपरे बांधले का, सिमेंटचं प्रमाण बरोबर आहे का. भिंत कशी पडते हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांचा अधिकार तिथून आला होता. प्रेमाताई 2022 मध्ये गेल्या, पण त्यांनी या बायकांवर टाकलेला विश्वास वाया गेला नाही. बचत गट उभे राहिले, ग्रामसभेत बायका बोलू लागल्या. ज्ञान देहातून आणि अनुभवातून येतं, हे अनुभव मंटपाचं सूत्र मला पडक्या भिंतींमध्ये उभ्या असलेल्या त्या बायकांत दिसलं.

मग कायद्याचा काळ आला. स्त्री चळवळीतल्या विद्या बाळ यांनी ॲड. नीलिमा वर्तक यांच्यासोबत शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागितली. 1956 चा मंदिरप्रवेशाचा कायदा आधीपासून होताच. न्यायालयाने तो पाळायला सांगितलं आणि 2016 च्या गुढीपाडव्याला चौथरा बायकांना खुला झाला. दोन वर्षांनी, 28 सप्टेंबर 2018 ला, सर्वोच्च न्यायालयाने शबरीमला मंदिरात सगळ्या वयाच्या बायकांना प्रवेश देणारा निकाल चार विरुद्ध एक असा दिला. विरोधातलं एक मत न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं, म्हणजे त्या पीठावरच्या एकमेव बाईचं होतं. श्रद्धेच्या बाबतीत तर्काची कसोटी न्यायालयाने लावू नये, असं त्यांचं म्हणणं. मी ते मत झटकून टाकत नाही. श्रद्धा न्यायालयात घडत नाही, हे खरंच आहे. पण माझी अडचण वेगळी आहे. माझी श्रद्धाच मला सांगते की लिंगधारी देहाला विटाळ नाही. म्हणजे आमच्या घरातलं भांडण कायदा आणि धर्म यांच्यात नाहीच. ते धर्म आणि रूढी यांच्यात आहे, आणि तिथे मी धर्माच्या बाजूने उभी आहे. विद्याताई ज्यासाठी कोर्टाची पायरी चढल्या, ते आम्हाला आमच्या शरणांनी आठशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. मागायचं कुणाकडे? फक्त घ्यायचं आहे.

गावातल्या म्हाताऱ्या बायकांचा मात्र एक मुद्दा आहे आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पारायणाच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "अगं बाई, ते चार दिवस होते म्हणून पाठ टेकता येत होती. दळण नाही, पाणी नाही, चूल नाही. तेवढंही तुम्ही काढून घेणार?" त्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकलं. ज्या घरात बाईच्या थकव्याला किंमत नव्हती, तिथे विटाळाच्या आडून तिला विश्रांती मिळत होती. पण विश्रांती मिळवण्यासाठी स्वतःला अपवित्र म्हणवून घ्यावं लागतं, यात केवढा अपमान आहे! आणि जिथे ती आडही राहिली नाही तिथे काय झालं, तेही मराठवाड्याने बघितलं. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. कोयत्याचा खाडा परवडत नाही, पाळीचे दिवस फडात काढता येत नाहीत, म्हणून तरण्याताठ्या बायकांनी पिशवी काढून टाकली. एकीकडे देह अपवित्र म्हणून बाजूला, दुसरीकडे देह अडचणीचा म्हणून कापलेला. दोन्हीकडे एकच समजूत, की बाईचा देह हा तिच्या कामात आणि देवाच्या कामात आलेला अडथळा आहे. मावशींना मी एवढंच म्हटलं की दुखत असेल तर झोपा, सुना चूल सांभाळतील, मुलगे पाणी भरतील. पण झोपून उठल्यावर लिंगपूजा करा. विश्रांती हा हक्क आहे, त्याला विटाळाचं नाव देऊ नका.

शेवटी गुरुपदाचा प्रश्न येतो. मंटपात बाई बोलली, पण पीठावर बसायला तिला केवढा काळ लागला! माते महादेवी 1970 मध्ये धारवाडला जगद्गुरूपदावर बसल्या. आमच्या परंपरेत त्या पदावर बसलेली ती पहिली बाई. माझी अज्जी त्यांच्या प्रवचनाला जायची आणि घरी येऊन एकेक वाक्य सांगायची. पुढे त्यांनी बसवण्णांच्या वचनांतली मुद्रिका, म्हणजे वचनाच्या शेवटी येणारं देवाचं नाव, बदलली, त्यावरून मोठा वाद झाला, पुस्तकावर बंदी आली. मुद्रिका बदलणं मला पटलं नाही आणि आजही पटत नाही. तरी एक गोष्ट मी लक्षात ठेवते. त्यांच्याशी वाद झाला तो गुरू म्हणून, सिद्धांतावर. बाई असून पीठावर कशी, हा सवाल हळूहळू मागे पडला. बाईला देवी न करता तिच्याशी मतभेद करता येणं, ही मोठी पायरी आहे. 2019 मध्ये त्या गेल्या. पण असं पद बाईला सहज मिळेल असं वातावरण अजून आपल्याकडे नाही.

आमच्याकडे श्रावणात, महाशिवरात्रीला अखंड शिवनाम सप्ताह बसतो. परमरहस्याचं पारायण होतं, शिवपाठ होतो, कीर्तनं होतात, शेवटी महाप्रसाद. वाचणाऱ्यांत बायकाच जास्त. पण चांगली, खणखणीत आवाजाची वाचणारी एखाद्या दिवशी येत नाही आणि का येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, सांगत कुणी नाही. आम्ही काही जणींनी ठरवलं की हे थांबवायचं. ज्या दिवशी जी वाचणारी, ती त्या दिवशी वाचणार. पहिल्या वर्षी दोघी उठून गेल्या, पुढे त्यातली एक परत आली. आता कॉलेजात जाणाऱ्या मुली पाळीच्या दिवशीही पोथी घेऊन बसतात आणि त्यांच्या आया त्यांच्या शेजारी बसतात. कुणावर सक्ती नाही. ज्यांना घरी थांबायचं आहे त्यांनी थांबावं. पण देवाला चालत नाही, असं तिथे आता कुणी म्हणत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. सप्ताहाच्या कमानीवर अक्कमहादेवींचं नाव असतं, शाळेत मुक्ताई आणि जनाबाई शिकवल्या जातात, भाषणात सगळ्यांचा जयजयकार होतो. त्या नावांच्या मागे जी आयुष्यं आहेत ती स्वीकारायची असतील तर पुरती स्वीकारा. अक्कांनी देवाकडे जाताना देह दारात काढून ठेवला नाही, सोयराबाईने ठेवला नाही, जनाबाईने ठेवला नाही. आपल्या लेकींना, सुनांनाही तो ठेवायला सांगू नका. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी कमानीवरचं अक्कांचं नाव खाली उतरवावं, कारण ते नाव त्यांच्या बाजूने कधीच बोलणार नाही.